जुन्या घराचा सौदा आणि वकिलाची फी

जुने घर पडत्या भावात घ्यायचे, डागडुजी व रंगसफेदी करून सहा-आठ महिन्यांत चढ्या किमतीस विकायचे, हा उद्योग पुण्या-मुंबईतील नोकरदार गृहस्थही हौसेने करू लागले आहेत. आणि गवंडी, सुतार, दलाल या सर्वांची देणी बिनतक्रार चुकती करणारा हाच गृहस्थ वकिलाच्या फीचा विषय निघाला की एकाएकी काटकसरी होतो. पुण्यात पुरुष खरेदीदारास 7 टक्के मुद्रांक शुल्क पडते, म्हणजे 60 लाखांच्या घरावर 4 लाख 20 हजार रुपये सरकारजमा होतात. त्यापुढे कागदपत्रे तपासण्याची फी ती किती!

मिळकत पत्रिकेवर विक्रेत्याचे नाव आहे, मग आणखी काय पाहायचे, हा युक्तिवाद नेहमीचा. परंतु सातबारा काय किंवा मिळकत पत्रिका काय, हे महसुली दप्तर. त्यातील नोंदीने मालकी प्राप्त होत नाही. वडील मृत्युपत्र न करता वारले, पत्रिकेवर तिघा भावांची नावे चढली आणि सासरी गेलेल्या बहिणीचे नाव राहून गेले, तरी 1956 च्या हिंदू वारसा कायद्यान्वये तिचा हिस्सा अबाधितच असतो, आणि तिचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर भावांनी लिहून दिलेल्या खरेदीखताने तो हिस्सा खरेदीदाराकडे येत नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील 30 वर्षांच्या सूची क्रमांक 2 चाळून वारसनोंदीशी ताडून पाहणारा वकील ही उणीव विसार देण्यापूर्वीच दाखवून देतो.

खरेदीखताचे शुल्क वाचवावे म्हणून केवळ साठेखत व कुलमुखत्यारपत्र यांच्या बळावर घर पुढच्या गिऱ्हाइकास विकण्याची युक्ती दलाल सुचवतो (ताबा घेतला की महाराष्ट्रात साठेखतावरही खरेदीखताइतकेच शुल्क बसते, हे तो सांगत नाही). परंतु 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे साठेखताने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही, आणि अशा मुखत्यारपत्री विक्रीने मालकी हस्तांतरित होत नाही, असा निःसंदिग्ध निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प प्रकरणात दिला आहे. शिवाय राहण्यासाठी घर घेणाऱ्यास कागदपत्रांतील दोष कदाचित वीस वर्षे जाणवणारही नाही. विकण्यासाठी घेणाऱ्यास मात्र तो सहा महिन्यांतच भोवतो, कारण पुढच्या गिऱ्हाइकास कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील तीच कागदपत्रे उलगडून बसतो, आणि तोवर फरश्या नव्या बसलेल्या असतात व स्वतःच्या कर्जाचे व्याज चालू असते.

नोंदणीकृत सहकारी संस्थेतील सदनिका, बिल्डरकडून ती थेट घेणारा पहिलाच मालक विक्रेता, मूळ करारनामा व शेअर सर्टिफिकेट समोर आणि बँकेचा बोजा नाही, अशा सरळ व्यवहारात वकिलास मसुद्यापुरते बोलावले तरी पुरे. बाकी सर्वत्र वकील आपण निवडलेला असावा, दलालाने आणलेला नव्हे. त्याचा लेखी अभिप्राय हाती आल्यावाचून विसाराचा धनादेश लिहू नये, आणि विक्रेता तेवढा अवधी देण्यास राजी नसेल तर ते घर खुशाल सोडून द्यावे.