प्रवेश मिळाला, आता खोली हवी : तालुक्याच्या गावातील नागरिकांना जाहीर आवाहन

तालुक्याच्या गावातले कला महाविद्यालय बहुधा लहान असते. काही शे विद्यार्थी, मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल असे पाच-सहा विभाग आणि दुपारनंतर ओस पडणारे आवार. विज्ञान शाखेची जादा फी आणि प्रॅक्टिकलचा खर्च ज्यांना झेपत नाही, बारावीनंतर बाहेरगावी जाणे ज्यांना शक्य नाही, अशा घरांतली मुले-मुली इथे येतात. ऊसतोड मजुरांची, पारध्यांची, धनगरांची, कोरकू किंवा भिल्ल पाड्यांवरची, वस्तीवरच्या मुस्लिम घरांतली, आणि बहुतेकदा घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच. मोठ्या शहरांतल्या महागड्या खासगी विद्यापीठांना विविधतेसाठी खास प्रयत्न करावे लागतात. इथे ती सकाळच्या एसटीनेच उतरते. अडचण तिला टिकवण्याची आहे.

दाराशी कायदा पुरेसा स्पष्ट आहे. आरक्षणाच्या जागा ठरलेल्या आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान पाच टक्के जागा दिव्यांगांसाठी राखल्या. तृतीयपंथीयांशी शिक्षणात भेदभाव करण्यास २०१९च्या कायद्याने मनाई केली. थोडक्यात, यादीत नाव लागण्यापर्यंतची वाट बरीचशी मोकळी आहे. गळती सुरू होते ती त्यानंतर, आणि तिची कारणे वर्गाइतकीच गावात सापडतात. खोली मिळत नाही, डबा परवडत नाही, दाखला निघत नाही, शेवटची गाडी चुकते. यांतले बहुतेक काही प्राचार्यांच्या हातात नसते. ते गावाच्या हातात असते, म्हणून हे आवाहन गावाला आहे.

सर्वांत आधी खोलीचा प्रश्न. महाराष्ट्राला तो नवा नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्यामागे हेच कारण होते : खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाला शहरात राहायला आणि जेवायला जागा नव्हती. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वसतिगृहे उभी राहिली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. ही वसतिगृहे जातवार होती. त्या काळात तेवढेच शक्य होते. पुढचे पाऊल भाऊराव पाटलांनी टाकले. ते स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेले. साताऱ्यात १९२४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एकाच पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण छत्रपती शाहू बोर्डिंग असे झाले. त्याचा खर्च भागवण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामानाने कमी सांगितली जाते ती गावोगावची मूठभर धान्याची वर्गणी. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेतल्या मुलांचे पोट तिने भरले आणि ती देणारी घरे स्वतःही फारशी सुखवस्तू नव्हती.

आज तालुक्याच्या गावात रिकाम्या खोल्या असतात, पण त्या सर्वांसाठी रिकाम्या नसतात. आडनाव विचारले जाते. आडनावावरून अंदाज आला नाही, तर खाण्यापिण्याबद्दल विचारले जाते. मग ‘कालच एकाने घेतली’ असे उत्तर मिळते. घरमालकाच्या काही काळज्या खऱ्या असतात : भाडे वेळेवर येईल का, मुले दंगा करतील का, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली आहे का. त्यांवर उपायही आहेत. महाविद्यालयाचे बोनाफाईड, पालकांचा फोन आणि साधा भाडेकरार एवढ्याने त्या मिटतात. आडनावाने यातली एकही मिटत नाही. तेव्हा ज्यांच्याकडे भाड्याची खोली आहे त्यांनी तिची माहिती महाविद्यालयाच्या कार्यालयात नोंदवावी आणि पहिला येईल त्याला ती द्यावी, ही पहिली विनंती. अनामतीचा आग्रह शक्यतो धरू नये. शिष्यवृत्तीचे पैसे हप्त्याने आणि बहुधा उशिरा खात्यावर येतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार आणि स्वयम् योजना आहेत, पण त्यांची रक्कमही जूनमध्ये हातात नसते. पैसे येईपर्यंत दोन-तीन महिने थांबणारा घरमालक एखाद्याचे वर्ष वाचवू शकतो.

खाणावळींबाबत थोडक्यात सांगता येईल. ताट-वाट्या वेगळ्या ठेवण्याचे दिवस गेले असे सगळेच म्हणतात; ते खरे आहे की नाही हे खाणावळवाल्यांनी आपापल्या मोरीपाशी उभे राहून पाहावे. कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे चहा घेत. छत्रपतींना तेवढी सवड होती, तर गावच्या प्रतिष्ठितांनाही सापडावी.

दाखल्यांचे काम जास्त किचकट आणि त्यात नागरिकांची मदत सर्वांत मोलाची. जात प्रमाणपत्रासाठी कुटुंबाचे वास्तव्य ठरावीक तारखेआधीपासूनचे असल्याचा पुरावा लागतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्या कुटुंबाचे घर, शेत, सातबारा आहे त्याला हे फारसे जड जात नाही. ज्यांचे आजोबा पालावर जन्मले, त्यांनी १९६१चा कागद आणायचा कुठून? १८७१च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांची त्यातून सुटका व्हायला १९५२चा ऑगस्ट उजाडावा लागला. त्यानंतरच्या जेमतेम नऊ वर्षांत त्यांनी एका गावी स्थिर व्हावे आणि तसे कागदही जपून ठेवावेत, अशी व्यवस्थेची अपेक्षा आहे. तिच्यावर टीका करता येते, पण विद्यार्थ्याला यंदा दाखला हवा असतो. तो पुष्कळदा निघतोही. जुन्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमधली एक ओळ किंवा गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतली चुलत आजोबांची नोंद पुरते, मात्र ती शोधणारा माणूस लागतो. निवृत्त तलाठी, मुख्याध्यापक, ग्रामसेवक आणि तहसील कचेरीत आयुष्य काढलेले कारकून यांना ही दप्तरे कुठे असतात, मोडी नोंद कोण वाचून देईल, अर्ज कोणत्या टेबलावर अडतो हे ठाऊक असते. त्यांनी आठवड्यातली एक सकाळ महाविद्यालयात बसावे. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज भरताना आधारशी जोडलेले बँक खाते नसणे, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपणे, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असणे अशा बारीक कारणांनी शिष्यवृत्त्या अडकतात. तिथे सायबर कॅफे चालवणाऱ्या तरुणांची माहिती कोणत्याही समितीपेक्षा उपयोगी पडते.

ऊसतोडीच्या पट्ट्यात, म्हणजे बीड, अहिल्यानगर, जालना या भागांत, दसऱ्यानंतर आईवडील कारखान्याच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. सत्र परीक्षा नेमक्या याच काळात येतात. मुलगा आजीजवळ राहू शकतो. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायला पालक धजत नाहीत. तिला सोबत नेले तर हजेरी बुडते, आणि लग्न लावून दिले तर प्रश्न कायमचा मिटला असे मानले जाते. हंगामी वसतिगृहांची सोय शाळकरी मुलांपुरती आहे. अशा मुलींना त्या पाच-सहा महिन्यांसाठी गावातल्या दोन-चार घरांनी किंवा एखाद्या महिला बचत गटाने आधार दिला, तर पदवी हाती येते. एसटीचेही असेच. विद्यार्थ्यांना मासिक पासात सवलत आहे, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. तेव्हा अडते ते वेळापत्रकावर. तास संपण्याआधीच वस्तीची गाडी सुटत असेल, तर तेवढ्या गावांच्या ग्रामपंचायतींनी एकत्र ठराव करून आगार व्यवस्थापकाकडे द्यावा. एकट्या पालकाच्या अर्जापेक्षा पाच ग्रामपंचायतींचा ठराव लवकर ऐकला जातो.

अंध विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक लागतो आणि ताशी किमान वीस मिनिटे जादा वेळ मिळतो. लेखनिक सहसा परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गात शिकणारा असावा लागतो, त्यामुळे निवृत्त शिक्षकांची इच्छा असूनही त्यांना हे काम करता येत नाही. अकरावी-बारावीच्या मुलांनी नावे द्यावीत. शिक्षकांसाठी दुसरे काम आहे : पाठ्यपुस्तके मोठ्याने वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करणे. मराठी संदर्भग्रंथ ध्वनिरूपात फार थोडे मिळतात. अर्थशास्त्राचे एक पुस्तक वाचले, तरी ते पुढच्या दहा वर्षांच्या मुलांना पुरेल.

वर्गातल्या बोलण्याचाही विचार व्हावा. पावरी किंवा कोरकू घरातून आलेली मुलगी प्रमाण मराठीत अडखळते तेव्हा हसू फुटते, आणि पुढे ती तोंड उघडत नाही. एखाद्या जमातीचे नाव शिवी म्हणून वापरण्याची सवय तर गावच्या चौकातूनच वर्गात येते. छळ आणि भेदभावाच्या तक्रारींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार महाविद्यालयात यंत्रणा असते. पालकांनी तिची माहिती विचारून घ्यावी. तृतीयपंथी विद्यार्थ्याला कोणत्या नावाने हाक हवी, हे त्याला किंवा तिलाच विचारावे.

मदत देऊ इच्छिणाऱ्यांनी महाविद्यालयातील समान संधी केंद्राकडे किंवा ते नसल्यास थेट कार्यालयात नाव नोंदवावे. खोल्यांची माहिती बारावीचा निकाल लागल्यावर लगेच, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीपर्यंत पोचावी. दाखल्यांचे काम जून-जुलैमध्ये, ऊसतोडीच्या मुलींची सोय दसऱ्याच्या आत आणि लेखनिकांची यादी सत्र परीक्षेचे अर्ज भरण्यापूर्वी तयार असावी.