अठ्ठावीस टक्के

परवा रात्री साडेअकराला मित्राचा फोन. दीड वर्षाच्या पोराचा सीबीसी आलाय, न्यूट्रोफिल 28 टक्के, शेजारी ठळक अक्षरात 'कमी'. तोवर साहेब गूगल करत ल्युकेमियापर्यंत पोचले होते. मागे वहिनी रडतायत.

टोटल काउंट विचारला. 8000. त्याचे 28 टक्के म्हणजे 2240. हा एएनसी, आणि बघायचा असतो तो! 1500 च्या खाली गेला तर कमी, 500 च्या खाली तर गंभीर. या वयात लिम्फोसाइट्स न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असतातच, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. मग 'कमी' कुणी छापलं? लॅबच्या सॉफ्टवेअरने, मोठ्या माणसांची रेंज लावून. अरे, फॉर्मवर वय भरून घेता ना? एक इफ टाकायला काय जातं? आपल्याच धंद्यातल्या कुणीतरी लिहिलंय हे, म्हणून जास्त चीड येते.

हे मला कसं माहीत? भाचीमुळे. तिचा एएनसी वर्षाची असताना खरोखरच 400 होता. आधी वाटलं व्हायरल असेल, कारण मुलांमध्ये बहुतेक वेळा तेच असतं आणि काही आठवड्यांत काउंट वर येतो. हिचा आला नाही. ऑटोइम्यून न्यूट्रोपेनिया निघाला, म्हणजे शरीर आपल्याच न्यूट्रोफिलविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. कॅन्सर नाही. बहुतेक मुलं शाळेत जायच्या वयापर्यंत आपोआप बरी होतात. जन्मजात प्रकार वेगळा. तो दुर्मिळ, त्यात गळवं, तोंडात फोड, हिरड्या सुजणं सारखं चालू राहतं आणि जी-सीएसएफची इंजेक्शनं लागतात.

डॉक्टरांनी ताईला एकच गोष्ट तीनदा बजावली. ताप 100.4 झाला की घरी थांबायचं नाही, रात्रीचे दोन वाजले तरी. कारण इन्फेक्शनशी लढणारे शिपाईच कमी.

आणि गंमत बघा. 400 ऐकून टॉनिकं, काढे सुचवणारी हीच मंडळी तापाच्या रात्री म्हणाली, "दात येतायत गं, सकाळी बघू." ताईने ऐकलं नाही. तासाभरात सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू होतं. आकड्याला घाबरायचं आणि तापाला नाही, हा कुठला न्याय?

असो. मित्राने सकाळी लॅबला फोन केला. उत्तर मिळालं, "सर, सिस्टिममधूनच तसं येतं."