गाडी स्वस्त, चावी महाग

स्वस्त गाडीला हसण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. नॅनोला हसून झालं, मारुती ८०० ला 'डबा' म्हणून झालं, आता अल्टोवाल्यांना विचारतात, "मोठी कधी घेता?" हसणारे बहुतेक पुरुष असतात. पण त्या हसण्यात आपल्या मैत्रिणीही सामील होतात, तेव्हा मला बोलावंसं वाटतं. कारण ही छोटी, बिनरुबाबाची गाडी मुळात आपला, बायकांचा विषय आहे. तिच्यात दोष आहेत, आणि ते गंभीर आहेत. पण ज्या दोषांवर लोक हसतात ते दोषच नव्हेत, आणि जे खरे दोष आहेत त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

नॅनोची जन्मकथा आठवा. पावसात स्कूटरवरून चाललेलं चौघांचं कुटुंब पाहून ही गाडी सुचली, असं रतन टाटा सांगत. पुढे उभं मूल, मध्ये नवरा, मागे बायको आणि तिच्या मांडीवर तान्हं. हे चित्र आमच्या आर्वीत रोज दिसतं. त्यात सर्वांत धोक्याची जागा कोणाची? एका हातानं मूल आणि दुसऱ्या हातानं सीटची कड धरून, एका अंगावर बसलेल्या बाईची. चाकात अडकतो तो तिचा पदर. खड्ड्यात उडून पडते ती. हेल्मेट असलंच तर ते त्याच्या डोक्यावर. म्हणजे लाखाच्या गाडीचा विचार स्कूटरच्या मागच्या सीटवरच्या बाईपर्यंत पोचला होता. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत ही गाडी जगाला दाखवली, २००९ मध्ये ती रस्त्यावर आली आणि २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबल्यातच जमा झालं. दहा वर्षांत खेळ आटोपला.

कारणं अनेक. कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांनी पेट घेतला, किंमत लाखावर टिकली नाही. पण एक कारण खुद्द टाटांनीच पुढे बोलून दाखवलं. 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का त्या गाडीला भोवला. चार माणसं कोरडी आणि धडधाकट घरी पोचतात याला आपल्याकडे मोल नाही. गाडी दारात उभी राहिल्यावर शेजारी काय म्हणेल याला आहे. 'स्वस्त' म्हटल्याबरोबर घरच्या कर्त्याची अब्रू जाते. बायको स्कूटरवर भिजते तेव्हा ती जात नाही!

या अब्रूचा खरा भाव लग्नाच्या मांडवात कळतो. हुंडा देणं-घेणं १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी मांडवाबाहेर रिबीन बांधलेली गाडी उभी असते, आणि तिला 'मुलीच्या हौसेची भेट' म्हणतात. हौस मुलीची, मग आरसी बुकावर नाव जावयाचं का? आणि छोटी गाडी दिली की पुढची चार वर्षं टोमणे कोणी ऐकायचे? मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या एका सुनेचा मृत्यू साऱ्या महाराष्ट्रात गाजला. लग्नात फॉर्च्युनर आणि ५१ तोळे सोनं दिलं होतं, असं माहेरच्यांनी सांगितलं. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालय करील. मला एवढंच म्हणायचं आहे, की गाडीची लांबी वाढवून मुलीचं आयुष्य वाढत नाही. कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसणाऱ्या आमच्या भागातल्या बापानं, 'अल्टो दिली तर नाक कापलं जाईल' म्हणून कर्ज काढावं, हा त्या हसण्याचाच परिणाम आहे.

आता गुण पाहू. आर्वी तालुक्याचं गाव. पुलगावहून येणारी नॅरोगेज रेल्वे कधीच बंद पडली. जिल्ह्याचं ठिकाण वर्धा, मोठी इस्पितळं सेवाग्राम आणि सावंगीला, म्हणजे पन्नासेक किलोमीटरवर. रात्री घरात कोणाला छातीत दुखलं, लेकीला कळा सुरू झाल्या, की बाई काय करते? १०८ ला फोन लावते आणि गाडीवाल्या शेजाऱ्याला हाक मारते. दारात जुनी अल्टो असेल आणि तिला ती चालवता येत असेल, तर तिला कोणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत. ही गाडी गल्लीत वळते, तालुक्याच्या गॅरेजात दुरुस्त होते, सुटे भाग कुठेही मिळतात. नॅनोत बसायची जागा उंच होती, गुडघे दुखणारी म्हातारी न वाकता आत बसे; आणि चार मीटरच्या त्रिज्येत गाडी वळे. मारुती ८०० तर डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत, तीस वर्षं निघाली. आज गाडी चालवणाऱ्या पन्नाशीतल्या किती जणींचा पहिला गिअर त्याच 'डब्या'त पडला, हे जरा विचारून पाहा.

मग खरे दोष कोणते? नॅनोला एकच वायपर होता, चाकाला तीनच नट होते, २०१५ पर्यंत मागचा दरवाजा उघडत नव्हता. यावर विनोद झाले. पण वायपर एक असल्यानं माणूस मरत नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्या भिंतीवर आदळून पाहिल्या. नॅनो आणि अल्टो ८०० धरून पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांतलीच पोलो दोन एअरबॅगांसह पुन्हा आदळली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. म्हणजे जीव कसा वाचवायचा हे कारखान्यांना ठाऊक होतं. ते जास्त पैसे देणाऱ्यासाठी राखून ठेवलं होतं! नॅनोसारख्या गाडीचा तर सांगाडाच टिकला नाही; तिथे नुसत्या एअरबॅगनं भागलं नसतं.

सरकारनं चालकाची एअरबॅग सक्तीची केली ती जुलै २०१९ मध्ये. शेजारच्या सीटची त्यानंतर, २०२१ मध्ये. हा क्रम बघा. आधी स्टिअरिंगवर बसलेला, मग त्याच्या शेजारचा. मागे पोरांना घेऊन बसलेल्या बाईच्या वाट्याला अजून कोणत्याही एअरबॅगची सक्ती आलेली नाही. सहा एअरबॅगांची सक्ती करू म्हणून गाजावाजा झाला आणि २०२३ मध्ये ती बारगळली. २०२५ मध्ये अल्टो के-१० च्या सर्व मॉडेलांत सहा एअरबॅगा आल्या. म्हणजे स्वस्त गाडीत हे परवडतं. इतकी वर्षं 'परवडत नाही' म्हणणाऱ्यांना आपण जाब विचारला नाही, कारण आपण वायपर मोजत होतो.

दुसरा दोष जमिनीचा. सिंगूरला कारखान्यासाठी सुमारे हजार एकर जमीन घेतली गेली. सातबारा ज्याच्या नावावर, त्याला मोबदला; त्या शेतात राबणाऱ्या मजूर बाईच्या नावावर काही नव्हतंच. आंदोलनात मात्र बायका पुढे होत्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते भूसंपादन रद्द ठरवलं. गाडी स्वस्त होते तेव्हा ती कोणाच्या जिवावर स्वस्त होते, हे विचारायलाच हवं.

तिसरा दोष गाडीचा नाही, आपल्या घरांचा आहे. पूर्वीपासून घरातल्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. कपाट, कोठी, देव्हारा, सगळं तिच्या ताब्यात. गाडीची चावी मात्र पुरुषाच्या खिशात. मी स्वतः सेकंडहँड अल्टो चालवते. गॅरेजवाला बोनेट माझ्यासमोर उघडतो आणि बिघाड माझ्या नवऱ्याला फोनवर सांगतो! आमच्या शेजारी, वर्धा नदीपलीकडे कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. तिनं स्वतः पत्र पाठवून आपला निर्णय कळवला, हे आपण कौतुकानं सांगतो. पण तेव्हाही रथ कृष्णाचाच होता.

काही कार्यकर्त्या म्हणतील, गाडी हा मध्यमवर्गाचा प्रश्न. कापूस वेचायला टेम्पोत कोंबून जाणाऱ्या मजूर बाईला अल्टोचं काय? त्यांचं बरोबर आहे. एसटी आधी हवी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलंच झालं; पण ज्या गावाला संध्याकाळनंतर बसच नाही, तिथे अर्ध्या तिकिटाचं करायचं काय? त्यासाठी लढूच. मात्र एसटी मागायची म्हणून गाडी पुरुषांना आंदण द्यायची, हे मला मान्य नाही. बैलगाडी, सायकल, ट्रॅक्टर, प्रत्येक चाक आपल्यापर्यंत सर्वांत शेवटी पोचलं. हेही तसंच पोचावं काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. घराघरांत पुन्हा हिशेब मांडले जातील. त्या हिशेबाला आपणही बसू या. गाडी घेताना रंग आणि रुबाब नंतर. आधी किती तारे आणि मागच्या सीटला कसले पट्टे, हे विचारू या. आरसी बुकावर आपलं नाव घालू या. मुलगी अठराची झाली की तिच्या लग्नासाठी पैसे बाजूला टाकण्याआधी तिचं लायसन्स काढू या. आणि नगरपालिकेकडे शिवणाच्या वर्गांसोबत बायकांसाठी ड्रायव्हिंगचे वर्गही मागू या. शिवणयंत्रं आम्हाला पुष्कळ वाटून झाली.

गाडी छोटी असो, जुनी असो, लोक हसोत. ती आपल्याला चालवता येते का आणि धडक बसली तर आपण जगू का, एवढ्या दोनच प्रश्नांवर तिची किंमत करा.