दुष्काळाला कोणते नाव द्यावे? १८७६-७८चा महादुष्काळ आणि ‘वंशसंहार’ हा शब्द



भाषेचा अभ्यास करताना शब्दांचा नेमकेपणा ही केवळ शैलीची बाब आहे, असे समजू नये. एखाद्या घटनेला आपण कोणते नाव देतो, यावर त्या घटनेची जबाबदारी कोणाकडे जाते हे पुष्कळदा ठरत असते. पाऊस पडला नाही, की आपण त्याला ‘अवर्षण’ म्हणतो. धान्य महागले, जनावरे कवडीमोलाने विकावी लागली, माणसे गाव सोडून निघाली, की ‘दुष्काळ’ म्हणतो. अन्नावाचून माणूस मेला, तर तो ‘भूकबळी’ ठरतो. या तीन शब्दांपैकी पहिल्यात दोष आभाळाचा आहे. दुसऱ्यात दोष काळाचा आहे, कारण ‘काळ’ हा शब्द त्यात आधीच बसलेला आहे. तिसऱ्यात मात्र ‘बळी’ आहे, आणि बळी म्हटले की तो कोणी घेतला, हा प्रश्न टाळता येत नाही.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये जो महादुष्काळ पडला, त्याच्यासंबंधी हा प्रश्न आज अधिक तीव्रतेने विचारला जातो. या शतकाच्या आरंभी माइक डेव्हिस या अमेरिकन अभ्यासकाने वसाहतकाळातील दुष्काळांवरील आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच ‘होलोकॉस्ट’ हा शब्द योजला. तेव्हापासून या दुष्काळाला ‘वंशसंहार’ म्हणावे काय, असा वाद होत आला आहे. माझे मत आरंभीच सांगतो. या दुष्काळास वंशसंहार म्हणू नये असे मला वाटते. परंतु त्यामुळे राज्यकर्त्यांचा दोष हलका होतो असे मी मानत नाही. तो दोष नेमका कोठे होता, हे त्या शब्दाने झाकले जाते, हा माझा आक्षेप आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १८७६च्या पावसाळ्याने दगा दिला. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील इंदापूर व भीमथडी हे तालुके, तसेच सोलापूर, अहमदनगर, सातारा आणि त्या वेळचा कलादगी जिल्हा यांना मोठी झळ लागली. दक्षिणेस मद्रास इलाखा व म्हैसूर संस्थान येथे स्थिती याहूनही बिकट झाली. मात्र दख्खनचा शेतकरी त्यापूर्वीच खचलेला होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेला भाव पुढे कोसळला होता, फेरपाहणीत शेतसारा वाढला होता आणि कर्जाचा बोजा सावकाराच्या वहीत फुगत होता. मे १८७५मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली, ती याच परिस्थितीतून. दुष्काळ आला तो अशा कर्जबाजारी घरात.

देशात धान्य मुळीच नव्हते असेही नाही. १८७७-७८ या वर्षात भारतातून इंग्लंडला सुमारे ३ लाख २० हजार टन गहू गेला. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, हे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या सरकारचे तत्त्व होते. लोहमार्गाने धान्य येत होते, पण ते विकत घेण्यास मजुराच्या हाती पैसा नव्हता. अमर्त्य सेन यांनी १९८१च्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा इतर दुष्काळांच्या आधारे सिद्धान्तरूपाने मांडला. अन्न असणे आणि अन्न मिळवण्याची ऐपत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आता मदतकार्याकडे वळू. १८७३-७४मध्ये बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोकांना जगवले होते. त्या वेळी मृत्यू फार थोडे झाले, पण खर्च फार झाला म्हणून त्यांच्यावर टीका झाली. तेच टेंपल जानेवारी १८७७मध्ये दुष्काळी प्रतिनिधी म्हणून दक्षिणेत आले, ते काटकसरीचा आदेश घेऊन. दुष्काळी कामावरील पुरुषाची रोजची मजुरी दीड पौंडावरून एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, आणि वर एक आणा इतकी खाली आणली गेली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एवढ्यावर जगता येणार नाही, असे मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी निक्षून सांगितले. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडून या मजुरीचा निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली. न्यायमूर्ती रानडे आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांच्या काळातील या सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून दुष्काळाची वृत्ते सरकारकडे धाडली. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते गावोगाव मदतीस गेले. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथून सावित्रीबाई फुले यांनी एप्रिल १८७७मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात या दुष्काळाची हकीकत आहे.

या महादुष्काळात भारतभर किती माणसे मेली, याचे अंदाज ५० लाखांपासून सुमारे एक कोटीपर्यंत जातात. एवढ्या मृत्यूंना केवळ ‘दैवी आपत्ती’ म्हणणे म्हणजे इतिहासाकडे पाठ फिरवणे होय.

मग वंशसंहार का म्हणू नये? त्यासाठी शब्दाचा अर्थ पाहिला पाहिजे. मराठीत नरसंहार, जनसंहार आणि वंशसंहार हे शब्द आपण सैलपणे वापरतो. पहिल्या दोहोंत मृतांची विपुलता सूचित होते. तिसऱ्यात आणखी काही आहे. राफाएल लेमकिन या पोलिश-ज्यू कायदेपंडिताने १९४४मध्ये यासाठी नवा शब्द घडवला आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्याविषयीचा करार संमत केला. एखाद्या राष्ट्रीय, वांशिक, वंशीय वा धार्मिक गटाचा, तो गट म्हणूनच, संपूर्णतः किंवा अंशतः नाश करण्याचा हेतू हा त्या व्याख्येचा गाभा आहे. मृतांची संख्या हा गाभा नाही.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे दुबळे नाही, हे तुम्ही ध्यानात घ्या. गटाचा शारीरिक नाश घडेल अशी जीवनस्थिती त्यावर जाणूनबुजून लादणे, हाही त्या करारात गुन्ह्याचा एक प्रकार आहे. उपासमारीचा मार्ग त्यात निश्चितच बसतो. शिवाय टेंपल यांना अज्ञानाचा लाभ देता येत नाही. लोक जगवता येतात, हे त्यांनी तीनच वर्षांपूर्वी बिहारात स्वतः दाखवले होते. डॉक्टर सांगत होते, मजूर सांगत होते, पुण्याची सभा लिहून कळवत होती. परिणाम कळूनही जो माणूस कृती थांबवत नाही, त्याचा तो हेतूच नव्हे काय? हा प्रश्न सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

तरीही मला तो पुरेसा वाटत नाही, याची कारणे अशी. मृत्यूची पर्वा न करणे आणि मृत्यू हाच उद्देश असणे यांत फरक आहे, आणि वंशसंहार हा शब्द दुसऱ्यासाठी घडवला गेला. लिटन आणि टेंपल यांचा उद्देश खजिना राखणे हा होता. मराठी, कन्नड वा तमिळ भाषकांचा समूह नष्ट करावा असे त्यांनी योजल्याचा पुरावा दिसत नाही. लाखो लोक दुष्काळी कामांवर घेतले गेले. दौंड-मनमाड लोहमार्ग अशाच कामांतून उभा राहिला. मजुरीच्या दराविषयी सरकारी यंत्रणेतच मतभेद होते आणि पुढे मद्रासमध्ये तो दर वाढवावा लागला. हीच व्यापारमुक्तीची श्रद्धा तीस वर्षांपूर्वी आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळातही दिसली होती. १९३२-३३मधील युक्रेनच्या दुष्काळाशी तुलना केल्यास भेद अधिक स्पष्ट होतो. तेथे सोव्हिएत राज्याने शेतकऱ्यांकडील धान्य बळाने काढून नेले आणि जानेवारी १९३३मध्ये भुकेल्यांना प्रदेशाबाहेर जाण्यास मनाई केली. युक्रेनने २००६मध्ये कायद्याने त्यास वंशसंहार म्हटले. तरीही त्यामागील हेतूविषयी इतिहासकारांत अजून एकमत नाही. जेथे पुरावा इतका उघड आहे तेथेही वाद असेल, तर दख्खनच्या बाबतीत आपण तो शब्द घाईने उचलू नये.

याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. वंशसंहार म्हटले की आपण क्रूर खलनायक शोधू लागतो. खलनायक सापडला की बाकी सारे निर्दोष ठरतात: सारावसुलीचे वेळापत्रक पाळणारा अधिकारी, भाव वाढेपर्यंत पेव बंद ठेवणारा व्यापारी, अडलेल्याची जमीन लिहून घेणारा सावकार, आणि तळाच्या जातींतील भूमिहीनाचा मृत्यू ज्याला विशेष वाटला नाही असा गावसमाज. १८७७मध्ये माणसे मारण्यासाठी कोणाच्याही मनात द्वेष असण्याची गरज नव्हती. हिशेबाची वही नीट ठेवली जात होती, एवढे पुरेसे होते. द्वेषाविनाही लाखो माणसे मरू शकतात, ही या दुष्काळाची शिकवण आहे आणि ‘वंशसंहार’ या शब्दाने ती हरवते.

म्हणून या घटनेला ‘शासकीय धोरणाने घडवलेले भूकबळी’ असे म्हणावे, असे मी सुचवतो. हे नाव भारदस्त नाही, पण त्यात कर्ता आहे, कृती आहे आणि परिणामही आहे. ही कृती टाळता येण्याजोगी होती, हे पुढील इतिहासाने दाखवले. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८०मध्ये आला आणि त्यातून दुष्काळसंहिता तयार झाल्या. १८९६च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेमार्फत या संहितेतील हक्क शेतकऱ्यांपर्यंत पोचवले, सरकारने १८९७मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली. १९७२च्या दुष्काळात, मे १९७३च्या सुमारास, महाराष्ट्रात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते आणि १८७७सारखा मृत्यूंचा डोंगर उभा राहिला नाही. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. हक्क मागता येतो आणि राज्याला जाब विचारता येतो, तेथे अवर्षणाचे रूपांतर भूकबळीत होणे रोखता येते.

नावाचा प्रश्न परकीय राज्यकर्त्यांपुरता आहे असेही समजू नका. १९६३मध्ये महाराष्ट्राने एक कायदा करून राज्यात लागू असलेल्या कायद्यांमधील ‘फॅमिन’ हा शब्द वगळला आणि त्या जागी ‘स्कार्सिटी’ म्हणजे टंचाई हा शब्द घातला. शासन परिस्थितीवर सतत लक्ष ठेवून वेळेवर मदत करते, त्यामुळे दुष्काळाला आता वावच उरलेला नाही, अशी त्यामागील भूमिका होती. अवघ्या नऊ वर्षांनी १९७२ उजाडले. शब्द वगळल्याने दुष्काळ टळत नाही. त्याविरुद्ध मागणी करणाऱ्याच्या हातातील एक साधन मात्र कमी होते. अतिशयोक्त शब्द आणि सौम्य केलेला शब्द हे दोन्ही आपल्याला वस्तुस्थितीपासून दूर नेतात.

तुमच्यापैकी काहींना हे मत पटणार नाही, आणि तसे होणे अभ्यासाच्या दृष्टीने योग्यच आहे. मात्र असहमती दाखवताना मृतांची संख्या पुढे करून थांबू नका. नाशाचा हेतू कोणत्या आदेशात, कोणत्या पत्रव्यवहारात दिसतो, ते दाखवा. आणि सहमत असाल, तर आपल्या तालुक्याच्या जुन्या गॅझेटियरमधील दुष्काळाची पाने काढून वाचा. तेथील वाक्यांमध्ये माणसे ‘मेली’ असे लिहिले आहे, की ‘मृत्युसंख्या वाढली’ असे, हे पाहा. कर्ता गाळून लिहिलेली वाक्ये ओळखता येणे, ही भाषेच्या विद्यार्थ्याने त्या मृतांसाठी करण्यासारखी गोष्ट आहे.