धावपट्टीचा हिशेब अपघाताआधी

२२ मे २०१० रोजी मंगळुरूला एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानाची चाके टेकली ती ८,०३३ फुटांच्या धावपट्टीचे सुमारे ५,२०० फूट मागे पडल्यावर. १५८ माणसे गेली. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोळिकोडला भर पावसात त्याच कंपनीचे विमान ८,८५८ फुटांपैकी ४,४३८ फूट ओलांडून टेकले आणि २१ जणांचा जीव गेला. दोन्ही धावपट्ट्या टेबलटॉप, पलीकडे थेट उतार. चाके धावपट्टीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात टेकायला हवीत, आणि नेमके तेच दोन्ही ठिकाणी घडले नाही. कोळिकोडच्या चौकशीने वैमानिकाने ठरलेली कार्यपद्धती न पाळणे हे संभाव्य कारण मानले, पण व्यवस्थेतल्या उणिवांचा वाटाही नोंदवला. माझ्या मते खरा धडा उणिवांच्या त्या नोंदीत आहे.

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये कारखान्यातल्या उत्पादनासाठी नियंत्रण आलेख मांडला, तो सदोष माल वेचून फेकण्यासाठी नव्हे. प्रक्रिया नेहमीच्या चढउतारांतून कधी बाहेर सरकू लागते, हे बिघाडाआधीच दिसावे, यासाठी. धावपट्टीला हीच नजर हवी. प्रत्येक विमान कुठे टेकले, किती वेगाने, मागून वारा किती होता, हे विमानातली उपकरणे टिपतातच. पावसाळ्यात एखाद्या धावपट्टीवर टेकण्याची जागा आठवड्यागणिक पुढे सरकत असेल, तर ती सूचना सुखरूप उतरलेल्या विमानांनीच दिलेली असते. तिच्याशेजारी पृष्ठभागाचे घर्षण आणि साचलेले रबर यांच्या नोंदी ठेवल्या, तर दोष वैमानिकाच्या सवयीत आहे की डांबरात, तेही उलगडेल.

पाऊस-वारा म्हणजे कारखाना नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण चढउतार मोठे असतात तिथेच त्यांतला नेहमीचा भाग आणि धोक्याचा भाग वेगळा काढणे सर्वांत गरजेचे ठरते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मोजमापाचा चाबूक झाला, तर माणसे चुका लपवतील. म्हणूनच उतरणे सोडून पुन्हा झेप घेणाऱ्या वैमानिकाला उशिराचा जाब विचारला जाऊ नये, आणि ही आकडेवारी विमान कंपनी, विमानतळ व नियंत्रण मनोरा यांनी दरमहा एका टेबलाशी बसून वाचावी. आज ती एकेका संस्थेच्या कपाटात राहिली, तर पुढच्या चौकशी समितीलाच ती एकत्र करावी लागेल.