भिंतीचा केसपेपर



स्मरणिकेसाठी लेखन मागताना संपादक मंडळाने या वेळी ‘वैद्यकीय विषय नको, आपल्या छंदाविषयी लिहा’ अशी सूचना केली. माझा छंद सांगितला की समोरचा माणूस किंचित हसतो. कोणी पक्ष्यांचे फोटो काढतो, कोणी फुलांचे. मी भिंतींचे काढतो. शहरातील रंगवलेल्या भिंती, पाड्यांवरील सारवलेल्या भिंती, ओसाड पडलेल्या इमारतींच्या आत कोणीतरी कोळशाने रेखाटून ठेवलेल्या भिंती. गेली पस्तीसएक वर्षे हा उद्योग चालू आहे. या काळात माझे या छंदाविषयीचे मत पुष्कळ बदलले. ते बदललेले मतच आज मांडणार आहे.

त्याचे निमित्त एक जुना फोटो. १९९१ साली खानवेलच्या पलीकडील एका पाड्यावर मी लसीकरणाच्या कामासाठी गेलो होतो. एका घराच्या आतल्या अंधाऱ्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढलेला होता. मधोमध पालघट देवी, भोवती नक्षीच्या चौकटी, बाहेर झाडे, माणसे, नाचणाऱ्यांचे वर्तुळ. घरात कोणी नव्हते. मी कॅमेरा काढला, फ्लॅश लावला आणि तीन फोटो घेतले. त्यांतील एक मोठा करून, चौकट करून दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात लावला. येणारा-जाणारा कौतुक करी आणि मलाही ते आवडे.

काही वर्षांनी खोकल्यासाठी आलेली एक वारली आजी त्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. आत आल्यावर तिने प्रकृतीचे काही सांगण्याआधी मलाच विचारले, ‘‘हे लगीन कोणाचं?’’ मला उत्तर देता आले नाही. गाव कोणते, हेही मी नीट सांगू शकलो नाही. चौक कोणत्या बायकांनी काढला, तेही माहीत नव्हते. आजी काही बोलली नाही. पण तिच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य मला वाचता आले. कोणाच्या लग्नाचे ते ठाऊक नसताना लग्नाचा चौक घरात कसा लावतात, हे तिला कळत नव्हते.

मित्रहो, आपण नाव, वय आणि तारीख लिहिल्याशिवाय साधे खोकल्याचे औषधही लिहून देत नाही. नाव नसलेली क्ष-किरण पट्टी आपल्या हातात आली तर ती कितीही स्वच्छ असली तरी आपण बाजूला ठेवतो. मग भिंतीचा फोटो काढताना हा नियम मी का विसरलो? आणि रुग्णाच्या शरीराचा फोटो घेण्यापूर्वी त्याची परवानगी मागणारा मी, त्याच्या घरातील देवीचा फोटो न विचारता कसा काढू शकलो? मी नोंद केली नव्हती, नुसती शोभेची वस्तू उचलून आणली होती.

भिंतीवर खूण करून जाण्याची माणसाची ओढ फार जुनी आहे. मुंबईच्या कान्हेरी लेण्यांत इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे व तारखा कोरून ठेवल्या आहेत. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ या तारखेसह आपले नाव खरवडले. पुरातन चित्रावर नाव खरवडणे हा विद्रूपीकरणाचाच प्रकार, त्याचे समर्थन कोणी करणार नाही. तरीही गंमत अशी की, त्या नावाखालची तारीख आज इतिहासाच्या पुस्तकांत उद्धृत होते. कान्हेरीच्या पाहुण्यांविषयीही आपल्याला कळते, ते त्यांनी तारीख लिहिली म्हणूनच.

आधुनिक शहरांतील भित्तिचित्रांची कथा वेगळी नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे डबे तेथील तरुणांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत रंगवून काढले. प्रशासनाने ते धुऊन काढण्याची मोहीम नेटाने राबविली आणि १९८९ साली रंगवलेला शेवटचा डबा सेवेतून बाहेर गेला. आज त्यातील काही पाहायचे असेल तर मार्था कूपर आणि हेन्री शाल्फंट या छायाचित्रकारांचे १९८४ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक उघडावे लागते. आपल्याकडे मुंबईत २००९ साली तुळशी पाइप रोडच्या लांबलचक भिंतीवर सामान्य नागरिकांनी ब्रश चालवले. २०१७ साली ससून डॉकच्या जुन्या गोदामांत कलावंतांनी कोळी समाजाचे जीवन भिंतींवर आणले. अशा चित्रांचे आयुष्य दोन-चार पावसाळ्यांचे, किंवा पुढचा रंगारी येईपर्यंतचे. फोटो हाच त्यांचा मागे उरणारा पुरावा.

आपल्या दादरा व नगर हवेलीत मात्र हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. वारली चित्रकला जगभर पोहोचली ती १९७० च्या दशकात. भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू तालुक्यातील पाड्यांवर फिरून ही कला बाहेरच्या जगाला दाखविली आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर व कापडावर आणली. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली; २०१८ साली ते निवर्तले. कागदावरचे चित्र संग्रहालयात जपले जाते. परंतु मूळ चौक सवासिनींनी लग्नासाठी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर काढायचा असतो, आणि ती भिंतच आता उरत नाही.

येथे डॉक्टर म्हणून मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे की, कुडाचे घर जावे हेच योग्य आहे. कारवीच्या कुडात उंदीर शिरतात, उंदरांमागे साप येतात, आणि पावसाळ्यात रात्री-अपरात्री सर्पदंशाचे रुग्ण आपल्याच दारात येतात. चुलीचा कोंडलेला धूर आणि पावसाळी ओल यांनी पोखरलेली फुप्फुसेही आपणच तपासतो. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेतून किंवा स्वतःच्या कमाईतून एखाद्या कुटुंबाने पक्के घर बांधले, तर त्याचे अभिनंदनच करावयास हवे. आमच्या फोटोसाठी तुम्ही मातीच्या घरात राहा, असे म्हणण्याचा अधिकार सिमेंटच्या बंगल्यात राहणाऱ्या कोणालाही नाही. पण म्हणूनच, भिंत पडण्यापूर्वी तिची नीट नोंद करणे हे आपले कर्तव्य ठरते.

काही जाणकार म्हणतात, चौक हा पुसला जाण्यासाठीच काढलेला असतो. लग्न झाले की त्याचे काम संपले. तो फोटोत गोठवणे म्हणजे विधीचे शोभेत रूपांतर करणे. या आक्षेपात तथ्य आहे, आणि माझ्या प्रतीक्षागृहातील चौकट हे त्याचे उत्तम उदाहरण होते. परंतु हा निर्णय जाणकारांनी करावयाचा नाही आणि मीही नाही. ज्यांनी चौक काढला त्या बायकांनी तो करायचा. त्या नको म्हणाल्या तर कॅमेरा पिशवीतच राहावा. त्या हो म्हणाल्या तर फोटोची एक प्रत त्यांच्या हाती गेली पाहिजे.

शहरातील भित्तिचित्रांनाही हाच न्याय लावावा. सिल्वासात कुंपणभिंतींवर तैलरंगात वारली आकृत्या काढलेल्या दिसतात. त्यांखाली चित्रकाराचे नाव मात्र शोधूनही सापडत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ सार्वजनिक ठिकाणच्या वास्तूंचे व शिल्पांचे छायाचित्र घेण्यास मुभा देते; भिंतीवरील चित्राचा त्यात तसा स्पष्ट उल्लेख नाही. छंद म्हणून फोटो काढणाऱ्याला कोणी अडविणार नाही, पण तोच फोटो दिनदर्शिकेवर छापताना चित्रकाराला विचारावे आणि त्याचे नाव द्यावे, एवढी सभ्यता कायद्याची वाट न पाहता पाळता येते.

ओसाड इमारतींविषयी तरुण मित्रांना दोन शब्द. बंद शेडमध्ये मालकाच्या परवानगीशिवाय शिरू नये आणि एकट्याने तर मुळीच जाऊ नये. गंजलेला पत्रा लागून जखम झाली तर धनुर्वाताची लस घेतली आहे की नाही हे आठवत बसण्याची वेळ येते. जुने सिमेंटचे पत्रे फुटले की ॲस्बेस्टॉसचे तंतू हवेत मिसळतात. वटवाघळांची विष्ठा साचलेल्या खोलीत धूळ उडवणे फुप्फुसांना घातक ठरू शकते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. चांगला फोटो बाहेरच्या उजेडातही निघतो.

शेवटी एक विनंती. आपल्या संस्थेचे सभासद आरोग्य शिबिरांच्या निमित्ताने पाड्या-पाड्यांवर जातात. प्रत्येकाच्या खिशात आज कॅमेरा आहे. घरमालकिणीला विचारून, फ्लॅश न लावता, समोरून एक आणि जवळून एक असे दोन फोटो घ्यावेत. मागे पाडा, तारीख, लग्न कोणाचे आणि चौक काढणाऱ्यांची नावे लिहावीत, अर्थात ती लिहिण्यास त्यांची संमती असेल तर. एक प्रत त्या घरी द्यावी, एक संस्थेकडे ठेवावी. पाच वर्षांत यातून जे उभे राहील, ते या प्रदेशाच्या कुठल्याही इतिहासकाराला उपयोगी पडेल.

माझ्या प्रतीक्षागृहातील तो फोटो मी त्याच आठवड्यात उतरवला. पाड्याचा शोध घेत दोनदा गेलो. घर सापडले नाही. त्या फोटोच्या पाठीवर आज इतकेच लिहिले आहे : ‘१९९१, खानवेलच्या पलीकडे. न विचारता काढला.’