गायकाविना मेटल
अमेरिकन गिटारवादक टोसिन अबासी यांचा 'अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स' हा अल्बम २००९ मध्ये आला, तेव्हा त्यात गायक नव्हता आणि ड्रम्सही प्रत्यक्ष वाजवलेले नसून निर्माते मिशा मन्सूर यांनी संगणकावर रचलेले होते. तरीही प्रोग्रेसिव्ह मेटल, म्हणजे विषम मात्रांची आवर्तने आणि गुंतागुंतीची बांधणी पत्करणारे जड रॉकसंगीत, शब्दांवाचून उभे राहू शकते हे त्याने पटवून दिले. त्याचे आकर्षण मुख्यतः आठ तारांच्या गिटारमध्ये आहे, कारण नेहमीच्या सहा तारांना आणखी दोन जाड तारांची जोड मिळाल्याने तेच वाद्य खर्जही सांभाळते, आणि अंगठ्याने तारेवर आघात करण्याची, मुळात बेसवादकांची, रीत अबासी यांनी गिटारवर रुळवल्याने सुरावट व ठेका एकत्रच उमटतात. मर्यादाही तिथेच आहे: गायकाचा श्वास नसल्याने स्वरवाक्याने कुठे विसावावे हे ठरवणारे कोणी उरत नाही, आणि चार-पाच रचनांनंतर कौशल्य हाच विषय होऊन बसतो (गिटार शिकणाऱ्यांना अर्थात हीच मेजवानी वाटते). अबासी यांच्याच २०१४ च्या 'द जॉय ऑफ मोशन' या अल्बममध्ये मॅट गार्स्टका यांचे हाडामासाचे ड्रमवादन आहे आणि म्हणूनच तो अल्बम पहिल्यापेक्षा सरस ठरतो.